सावली कळपाला विचारत न्हाई

शाहूपुरी, सातारा
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप तात्यांना पुतणीचा, अपेक्षाचा, पाया पडून नमस्कार.

फोनवर तुम्ही "बरं हाय का, जेवलीस का" एवढंच ओरडता आणि ठेवून देता. मग काकूला सांगता की पोरगी काही सांगत नाही. म्हणून हे पत्र. तुमचीच तक्रार होती, आता वाचा सगळं.

कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवणं चालूच आहे. पण खरी बातमी दुसरी आहे. वृश्चिकेच्या बाजूला एक तारा आहे, अगदी तान्हा, म्हणजे वीस-पंचवीस लाख वर्षांचा. तान्ह्या ताऱ्याभोवती धुळीची, खड्यांची एक मोठी चकती फिरत असते. तिच्यातच पुढं ग्रह तयार होतात. आपली पृथ्वीही अशाच चकतीत झाली. चिलीच्या वाळवंटात साठ-सत्तर अँटेना एकत्र जोडून २०२३ साली त्या ताऱ्याचं निरीक्षण झालंय. वर्षभरानं ती माहिती जगात सगळ्यांना खुली होते. मी ती उतरवून घेतली आणि बनुबाईंच्या माडीवरच्या माझ्या खोलीत बसून चार महिने साफ केली.

तात्या, चकतीच्या बाहेरच्या कड्यात एका बाजूला काळा डाग आहे. तिथं काहीतरी आहे, ज्यानं आजूबाजूचं खाऊन जागा मोकळी केलीय. बहुतेक ग्रह. नवा, अजून वाढणारा.

नक्की नाही अजून. चार एप्रिलला पुण्याच्या संस्थेत मुलाखत आहे, तिथं मला हे काम मांडायचंय. संशोधनाची जागा एकच आहे. तोवर कुणाला सांगू नका.

काकूला नमस्कार. मेंढरं कशी आहेत?

तुमची,
अपेक्षा


मु. पो. आटपाडी, वस्तीवरनं
१७ फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिला अर्जुना तात्याचा आशीर्वाद.

पत्र पावलं. दोनदा वाचलं, मग तुज्या शालूकाकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वीस लाख वर्षाचं लेकरू तान्हं कसं? मी म्हणालो, तिकडं लेकरं सावकाश वाढत्यात.

तू सांगू नको म्हणालीस म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. फक्त शेजारच्या सुलाबाईला, कारण ती दारातच हुती. आणि न्हाव्याकडं, कारण तिथं गप बसता येत न्हाई. तिथं धनाजी बसला हुता. तो सरळ सरपंचाकडं गेला. दिग्विजय सरपंच सांजच्याला वस्तीवर आला आणि म्हणाला, तात्या, आपल्या मातीतली पोरगी ग्रह शोधती आणि गाव गप बसतं, हे शोभत न्हाई. चैत्री पुनवेला बिरोबाची जत्रा हाय. त्या दिवशी तुजा जाहीर सत्कार ठेवलाय. फेटा, नारळ, फ्लेक्स.

मी नको म्हणालो. पण लय नको म्हणालो न्हाई, हे खरं.

तुजा फोटू पाहिजे म्हणाले. घरात तुजा एकच चांगला फोटू, माया आत्याच्या लग्नातला, डोळं मिटल्याला. जयराजच्या दुकानात कंप्युटरवर डोळं उघडून देत्यात म्हणं.

मेंढरं बरी हायत. पंचवीस कोकरं झाली, आणखी हुतील. रातभर जागून दुर्बीण बघू नको, डोळं जात्यात.

तात्या


सातारा, २ मार्च

तीर्थरूप तात्या,

पत्र वाचून आधी मी डोक्याला हात लावला, मग हसले, मग परत हात लावला. न्हाव्याकडं सांगितलंत म्हणजे आकाशवाणीला सांगितलंत. सत्कार थांबवा. "नक्की नाही" असं मी स्पष्ट लिहिलं होतं. आणि माझे डोळे जयराजला उघडू देऊ नका, तो मला बैलासारखे डोळे लावील.

रात्री मी झोपते. दुर्बिणीला डोळा लावायचं काम नाहीच माझं. सगळं दिवसा, कंप्युटरवर, पंख्याखाली.

आता खरी गोष्ट. एकच चकती वेगवेगळ्या लहरींत बघावी लागते, कारण प्रत्येक लहर वेगळी वस्तू दाखवते. चिलीतल्या अँटेना मिलिमीटरच्या लांब लहरी पकडतात. त्यांत वाळूएवढे, बारीक खड्यांएवढे कण दिसतात, आणि ते जितके गरम तितके उजळ. दुसरी दुर्बीण अवरक्त प्रकाशात बघते, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्या पलीकडच्या. त्यात पिठासारखी बारीक धूळ दिसते, तीही वरच्या थरातली, जिच्यावर ताऱ्याचा उजेड पडून परत येतो तेवढीच. काकूच्या चाळणीत कोंडा वर आणि पीठ खाली, दोन्ही बघितल्याशिवाय जोंधळा कसा दळलाय ते कळत नाही, तसं.

तर २०२३ सालचं अवरक्त चित्र कालच तयार झालं. तात्या, तिथंही डाग आहे. त्याच जागी. खड्यांतही अंधार आणि धुळीतही अंधार. दोन वेगळ्या दुर्बिणी, दोन वेगळ्या लहरी आणि एकच उत्तर. मी खोलीत नाचले. बनुबाई खालून ओरडल्या की पंखा पडेल.

तरी सत्कार थांबवाच.

अपेक्षा


आटपाडी, ९ मार्च

चि. अपेक्षा,

सरपंचाला तुजं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला बघू.

तू दोन दुर्बिणींचं लिवलंस ते कळलं. तुजं पत्र वाचून एक गंमत आठवली, ती लिवतो. तुला हसायला व्हईल. गेल्या उन्हाळ्यातली हाय. तुला कुणी सांगितली न्हाई, कारण बघणारा एकच हुता आणि त्याला मीच गप केलं हुतं.

पठारावर पवनचक्क्या हायत न्हवं, तिकडं मेंढरं नेली हुती. दुपारची मेंढरं चरत न्हाईत, एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहत्यात. मी ओढ्याच्या ह्या अंगाला झाडाखाली भाकरी सोडून बसलो. बघतो तर कळपाच्या मधी काळी मोकळी जागा. आपली माडग्याळी जातीची मेंढरं बरीचशी पांढरी, त्यामुळं लांबनं लय ठळक दिसलं. मी म्हणालो, लांडगा. लांडगा शिरला की मेंढरं फाकत्यात आणि मधी अशीच जागा पडती. भाकरी तिथंच टाकली, काठी घेतली आणि पळालो. एक पायताण ओढ्यात गेलं ते गेलंच.

जाऊन बघतो तर लांडगा न्हाई आणि मोकळी जागा बी न्हाई. पवनचक्कीच्या खांबाची सावली पडली हुती. आणि सावलीत मेंढरं दाटून उभी. जिथं एक बी न्हाई असं मला वाटलं, तिथं सगळ्यात जास्ती हुती. धनाजी लांबनं बघत हुता. त्यानं इचारलं, तात्या, कुणाला मारायला आलता? मी म्हणालो, पाय मोकळं करायला.

मग तिथंच बसलो आणि बघत राहिलो. अर्ध्या घंट्यात सावली सरकली आणि मेंढरं तिच्या मागनं सरकली. तवा एक शिकलो. लांडगा असला तर तो कळपाबरोबर सरकतो, कळपाच्या चालीनं. सावली कळपाला विचारत न्हाई, ती आपल्या चालीनं जाती. एकदा बघून काय बी कळत न्हाई.

काकूनं खारोड्या केल्यात, कुणी साताऱ्याला निघालं की पाठवतो.

तात्या


सातारा, १५ मार्च

तात्या,

तुमचं पत्र कॉलेजात मिळालं. स्टाफरूममध्ये मोठ्यानं हसले, सगळे बघायला लागले. पायताणाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

घरी येऊन कपडे वाळत घालत होते, आणि हातातली साडी हातातच राहिली.

तात्या, माझ्या डागाचंही तसंच असू शकतं. तारा मधे आहे, चकती बाहेर. ताऱ्याजवळ काही आडवं आलं तर त्याची सावली बाहेरच्या कड्यावर पडेल. सावलीत ऊन नाही म्हणून धूळ काळी दिसेल. सावलीत गारवा म्हणून खडेही मंद दिसतील. म्हणजे दोन्ही लहरींत अंधार, आणि माल मात्र जागच्या जागी. दोन दुर्बिणींचं एकमत झालं म्हणून मी नाचले. पण दोघीही लांबून बघत होत्या, तुमच्यासारख्याच, ओढ्याच्या ह्या अंगानं.

ओळखायचा उपाय तुम्हीच लिहिलाय. परत बघायचं. ग्रह असेल तर डाग कड्याच्या चालीनं फिरेल. त्या अंतरावर एक फेरी सहाशे वर्षांची आहे, म्हणजे सात वर्षांत जेमतेम सरकेल. सावली असेल तर तिला ते बंधन नाही. त्याच ताऱ्याचं २०१६ सालचं अवरक्त चित्र खुलं आहे. त्याच रात्री उतरवून घेतलंय.

आणि मी ते उघडलेलं नाही. तीन दिवस झाले. रोज कंप्युटर लावते, पेपर तपासते, चहा करते, बंद करते.

तुमच्यापासून काय लपवायचं. अर्जात मी "ग्रहाचा पुरावा" असं लिहून दिलंय. जागा एक आहे, बोलावलेले एकोणीस आहेत, आणि ग्रह सोडला तर माझ्याकडं दाखवायला काही नाही. दोनदा नापास झालेय तिथं. यंदा वयाची मर्यादा संपते, पुढच्या वर्षी अर्जही करता येणार नाही. चार एप्रिलपर्यंत ती फाइल उघडलीच नाही तर मी खोटं बोलले असं होत नाही. होतं का?

अपेक्षा


आटपाडी, १९ मार्च

चि. अपेक्षा,

व्हतं.

तू लहान हुतीस तवा गावातली आठ घरं आपली मेंढरं माज्या कळपात सोडत हुती. अजून सोडत्यात. का सोडत्यात? मी सकाळी एकदा आणि उन्हं कलल्यावर एकदा, अशी दोनदा मोजतो. आणि एक कमी भरलं तर कमी भरलं म्हणून त्याच सांजच्याला दारात जाऊन सांगतो. शिव्या खातो. पण दुसऱ्या दिशी ती माणसं परत मेंढरं सोडत्यात.

कमी भरायची भीती वाटली म्हणून मोजलंच न्हाई, असं करून मेंढरू परत येत न्हाई बाय.

उघड ती फाइल. मग पोटभर जेव.

सत्काराची काळजी करू नको.

तात्या


सातारा, ६ एप्रिल

तीर्थरूप तात्या,

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी उघडली. पण लिहायला आज हात धजला.

घड्याळाच्या तबकडीवर सांगते. २०१६ मध्ये डाग तीनच्या आकड्याशी होता. २०२३ मध्ये सव्वाचारच्या जागी. ग्रह असता तर केसभर सरकला असता. म्हणजे ग्रह नाही तात्या. सावली आहे. मी रडले, मग तुम्ही सांगितलं होतं म्हणून जेवले, दोन भाकरी.

दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं तेव्हा प्रश्न पडला की सावली आहे, मग खांब कुठाय? ताऱ्याच्या अगदी जवळ आणखी एक छोटी चकती असावी, कोणत्याच दुर्बिणीला वेगळी न दिसणारी. ती बाहेरच्या चकतीशी सपाट नाही, कलती आहे, आणि कलत्या कलत्या डुलते. तिचीच सावली बाहेर फिरते. म्हणजे न दिसणारी वस्तू तिच्या सावलीवरून सापडली. ती कलती कुणी केली, ते मला माहीत नाही. आत ग्रह असेलही. पण मी तसं म्हणणार नाही, मोजल्याशिवाय.

पुण्यात पहिल्याच वाक्यात सांगितलं, की अर्जात मी ग्रह लिहिला होता, तो नाही. समोर पाच जण होते. एक सर पेन खाली ठेवून बसले, ते शेवटपर्यंत उचललंच नाही. एका बाईंनी विचारलं, जुनं चित्र बघायचं तुम्हाला कशावरून सुचलं? मी पवनचक्की, लांडगा, पायताण, सगळं सांगून टाकलं. सांगताना वाटलं, गेली जागा, आता निदान गोष्ट तरी पूर्ण होऊ दे. त्या हसल्या नाहीत. "धन्यवाद" म्हणाल्या. माझ्यानंतरच्या मुलाला मात्र आत पाऊण तास ठेवून घेतलं, मला वीस मिनिटं.

तेव्हा समजायचं ते समजले.

जत्रेला मी येत नाही. सत्कार रद्द झाला असेल अशी आशा आहे, पण गावाला कुठल्या तोंडानं भेटू? ग्रह शोधणारी म्हणून सगळ्यांना कळलंय. आता प्रत्येकाच्या दारात जाऊन नाही म्हणून सांगायचं बळ माझ्यात नाही. तुमच्यात आहे, माझ्यात नाही.

अपेक्षा


आटपाडी, १४ एप्रिल

चि. अपेक्षा,

आधी माजी चूक सांगतो. फ्लेक्स लागला हुता. मार्चच्या पयल्या आठवड्यातच तिठ्यावर लागला हुता, बारा फूट बाय आठ. तुला लिवलं न्हाई. सरपंचाचा फोटू तुज्यापेक्षा मोठा आणि ग्रह दोघांपेक्षा मोठा, कडं असल्याला, शनीसारखा. जयराजकडं तेवढंच चित्र हुतं. तुजं डोळं उघडल्यात. बैलासारखं न्हाई, पण जरा आश्चर्य वाटल्यासारखं दिसतंय. मी रोज तिकडनं मेंढरं न्यायचो. सरळ वाट दुसरी हाय, तरी तिकडनंच न्यायचो. माजंच काळीज फुगलं हुतं, कुणाला दोष देऊ?

तू न्हाई म्हणालीस, मग जत्रेला मीच गेलो. गजढोलाचा नाच थांबल्यावर सरपंचानं भाषण केलं आणि ग्रहावर आला. मी उठलो आणि माईक घेतला. जन्मात पयल्यांदा. म्हणालो, मंडळी, ग्रह न्हाई. माज्या पुतणीनं तसं सांगितलंच नव्हतं. तिनं पत्रात लिवलं हुतं की नक्की न्हाई. ते मी वाचलं, आणि न्हाव्याकडं जाईस्तवर इसरलो. पोरीनं दुसऱ्यांदा मोजलं. कमी भरलं. तिनं पुण्यात मोठ्या माणसांपुढं, स्वताची जागा जात असताना, कमी भरलं म्हणून सांगितलं. तुमी माज्याकडं मेंढरं ज्या कारणानं सोडता, त्याच कारणानं आज सांगतो.

बिरोबाच्या देवळात भंडारा उधळायचा सोडून माणसं माज्या तोंडाकडं बघाय लागली. मग धनाजीनं मागनं इचारलं, मग शोधलं काय तिनं?

मी म्हणालो, सावली.

दोघं-चौघं फिसकन हसली. तवा अंबूबाई, ऐंशीची म्हातारी, पयल्या रांगंत बसल्याली, काठी आपटून म्हणाली, "हसताय काय रं? चैताच्या उनात आटपाडीत सावली शोधून दावा की एक तरी. त्या पोरीनं एवढ्या लांबची शोधली."

अगं, मग जे हसू फुटलं ते खरं. सरपंच बी हसला. मला जवळ बोलावून धनाजीनं मंडळींना पवनचक्कीची गोष्ट सांगितली, वर्षभर पोटात ठेवल्याली. पायताणासकट. फेटा मला बांधला, नारळ तुज्या काकूनं घेतला. ती म्हणाली, पोरगी येईस्तवर फोडायचा न्हाई.

तर दारोदार सांगायचं काम झालं. एकाच फेरीत झालं. आता तुला यायला काय अडचण हाय ते कळव.

तात्या


सातारा, ३० एप्रिल

तीर्थरूप तात्या,

तुमचं पत्र उशाशी ठेवलंय. किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

काल दुपारी फोन आला. मुलाखतीतल्या त्याच बाई. आधी त्यांनी विचारलं, "ती मेंढरं खरंच सावलीबरोबर सरकतात का हो?" मी म्हटलं, हो, पण तात्यांना परत विचारून सांगते. त्या म्हणाल्या, "सावकाश विचारा. एक जुलैला हजर व्हायचंय." फोन ठेवल्यावर मला पाच मिनिटांनी कळलं की त्यांनी काय सांगितलं. तात्या, जागा मिळाली. मी बनुबाईंच्या गळ्यात पडले.

त्या कलत्या चकतीवरच काम करायचंय, आणखी दोन-तीन लहरींत, आणि दर वर्षी परत बघून.

दहा तारखेला सकाळच्या एसटीनं येते. नारळ तयार ठेवा. आणि तो फ्लेक्स तिठ्यावर अजून असेल तर आधी उतरवा. त्याच्याखालून मी येणार नाही.

अपेक्षा


आटपाडी, ४ मे

चि. अपेक्षा,

वाचून काकू रडली आणि मग खारोड्या तळाय बसली. मी रडलो न्हाई, मेंढराकडं गेलो हुतो.

बाईंना सांग, व्हय, सरकत्यात. काल मुद्दाम पठारावर जाऊन परत बघून आलो.

फ्लेक्स जत्रेच्या दुसऱ्याच दिशी उतरवला. सरपंच म्हणाला टाकून दे. एवढा जाड कागद टाकून कोण देतंय? यंदा ऊन लय हाय, कोकरं धापा टाकत हुती. म्हणून चार मेढी रोवल्या आणि कोकरांच्या वाघरीच्या जाळीकडंला वर ताणून बांधला, चित्र वरच्या अंगाला. सरपंच एका कोपऱ्यात जरा फाटलाय. ग्रह चांगला हाय.

आत्ता हे पत्र तिथंच बसून लिवतोय. दुपारचा एक वाजलाय. सगळी कोकरं तुज्या ग्रहाच्या सावलीत दाटून उभी हायत. मोजली. दोनदा मोजली. एकतीस भरली, पुरी.

तात्या